नितळ पाण्यातला नत्र

सांडपाणी हा काही ऐकायला गोड विषय नाही, आम्हाला ठाऊक आहे. तरी आज तोच घेतलाय, कारण संडासाची टाकी कुणाच्या घरी नाही?

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात टँपा बे नावाची मोठी, उथळ खाडी आहे. तिच्या तळाशी समुद्री गवत उगवतं. शेवाळ नव्हे बरं, मुळं-पानं असलेलं खरं गवत. माशांची पिल्लं, कोळंबी, खेकडे त्याच्या आडोशाला वाढतात. मॅनटी नावाची समुद्रगाय तर त्यावरच चरते. या गवताला जगायला ऊन लागतं, म्हणजे पाणी स्वच्छ हवं.

तिथल्या शहरांचं सांडपाणी पूर्वी जेमतेम गाळ बसवून खाडीत सोडत. आपल्या मलमूत्रात नत्र असतो. भाताला युरिया घालतो ना, त्यातला नत्र हाच. शेतात तो पडला की भात तरारतो, खाडीत पडला की शेवाळ माजतं. पाणी गढूळ हिरवं झालं, ऊन तळाला पोचेना. १९८० च्या सुमारास १९५० च्या मानाने निम्म्याच्या आसपासच गवत उरलं होतं.

रहिवाशांनी घाणीची, वासाची तक्रार लावून धरली. १९७२ मध्ये राज्याने कायदा केला, की या खाडीत सांडपाणी सोडायचं तर प्रगत शुद्धीकरण करूनच. टँपा शहराचा तसा प्रकल्प १९७९ मध्ये सुरू झाला.

आता ‘प्रगत’ म्हणजे काय? साध्या प्रकल्पात गाळ बसतो, जिवाणू घाण खातात, पाणी नितळ दिसतं. पण मीठ घातलेलं पाणीही नितळच दिसतं की! नत्र तसाच विरघळलेला राहतो. तो काढायला जिवाणूंच्या दोन तुकड्या लागतात. पहिलीला भरपूर हवा द्यायची, ती अमोनियाचं नायट्रेट करते. दुसरीला हवा द्यायचीच नाही. मग ती नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेते आणि नत्र वायू होऊन बुडबुड्यांनी निघून जातो, आपल्या श्वासातल्या हवेत असतोच तसा. या दुसऱ्या तुकडीला खाऊ लागतो. टँपात त्यासाठी मिथेनॉल घालतात. वीज, मिथेनॉल, चोवीस तास लक्ष ठेवणारी माणसं, खर्च थोडाथोडका नाही. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे साधारण ४० मिलिग्रॅम नत्र असतो, तिथे तो ३ वर आणावा लागतो.

फळ यायला वर्षं लागली. पण वस्ती वाढत असतानाही २०१५ च्या सुमारास गवत १९५० च्या पातळीला आलं. एकट्या प्रकल्पाचं हे श्रेय नाही, कारखाने आणि वीजकेंद्रांनाही लगाम घातला होता. आणि गोष्ट तिथे संपली असंही नाही. २०१६ नंतर गवत पुन्हा घटू लागलं. पावसाबरोबर रस्त्यांवरून, हिरवळींवरून येणारं खत कुठल्याच प्रकल्पात जात नाही. २०२१ मध्ये तर पायनी पॉइंट इथल्या बंद खत कारखान्याच्या तळ्यातलं सुमारे ८० कोटी लिटर दूषित पाणी खाडीत सोडावं लागलं.

त्याच राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर इंडियन रिव्हर नावाची दुसरी खाडी आहे. तिथे नत्र येण्याच्या वाटांपैकी एक म्हणजे घरोघरच्या सेप्टिक टाक्या. तिथलं गवत गेलं. २०२१ मध्ये राज्यभरात सुमारे १,१०० मॅनटी मेल्या, त्यातल्या कितीतरी उपाशी. पुढे हिवाळ्यात सरकारी माणसं त्यांना लेट्यूसची पानं टाकत होती. रानातल्या गाईला भाजी विकत घेऊन घालावी, तसंच ते.

आपल्या किनाऱ्यावरही सेप्टिक टाक्याच जास्त. टाकीत गाळ बसतो, नत्र मात्र बहुतेक तसाच पाण्याबरोबर जमिनीत मुरतो आणि विहिरीकडे, खाडीकडे सरकतो. तेव्हा गावात सांडपाण्याचा प्रकल्प येणार असं ग्रामसभेत कुणी सांगितलं, तर पाणी किती नितळ होणार हे विचारून थांबू नका. नत्र किती उरणार, तो कोण मोजणार आणि मोजलेला आकडा कुठे लावणार, हेही विचारा.