तिसरीचा वर्ग आणि आपला जिल्हा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरील मान्यवर, माझे जुने सहकारी आणि समोर बसलेल्या बाळांनो,

बाळांनो म्हणतेय, हसू नका. तुमच्यातल्या काहींच्या मांडीवर नातवंडं दिसताहेत मला, पण इतक्या वर्षांची सवय सुटत नाही.

संयोजकांनी मला ‘शिक्षणाचे बदलते स्वरूप’ असा विषय दिला होता. एवढा मोठा विषय मला पेलणार नाही. माझी बहुतेक नोकरी तिसरीच्या वर्गावर गेली, तेव्हा तिसरीबद्दलच बोलते.

तिसरी हा तसा दुर्लक्षित वर्ग. पहिलीच्या मुलांचं आपण फुलं देऊन स्वागत करतो. तुमच्या वेळी चौथीला शिष्यवृत्तीची परीक्षा असायची, म्हणून चौथीकडे सगळ्यांचं लक्ष. दहावीचं तर बोलायलाच नको. पण मूल शाळेत टिकणार की नुसतं हजेरीपटावर राहणार, हे मी बहुतेक वेळा तिसरीत ठरताना पाहिलं आहे.

असं का होतं ते सांगते. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकतं. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं. तिसरीपासून मात्र वाचता येतं असं धरूनच पुस्तकं लिहिलेली असतात. आता त्यानं वाचून शिकायचं असतं. गणितसुद्धा वाचावं लागतं. ‘एका पेटीत २४ आंबे, तर ६ पेट्यांत किती?’ हे उदाहरण फळ्यावर लिहिलं की एखादा हात वर व्हायचा, ‘बाई, मिळवायचं की गुणायचं?’ त्या मुलाला गुणाकार येत असतो, पाढेही पाठ असतात. त्यानं ते वाक्य वाचलेलं नसतं, फक्त आकडे वाचलेले असतात. घरी मात्र सांगितलं जातं, ‘आमचं पोरगं गणितात कच्चं आहे.’ तसं नसतं. ते वाचनात अडलेलं असतं आणि दिसतं गणितात.

आपल्या मराठी संख्यांचीही एक गंमत आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन आधी. मग मूल ऐकलं तसं लिहितं आणि २५ चे ५२ होतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशीही वाचायची रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला, आठवत असेल. वाद घालणाऱ्या मोठ्या माणसांना ती अडचण आठवत नव्हती, कारण त्यांची ती कधीच सुटलेली होती. तिसरीत तीन अंकी संख्या येतात, हातच्याची बेरीज येते, भागाकार येतो, अर्धा-पाव-पाऊण येतं. त्यात आपल्या वर्गात घरी भाकरीला ‘बाटी’ म्हणणारं तांड्यावरचं मूल असतं, घरी दखनी उर्दू बोलणारं मूल असतं. त्यांच्यासाठी पुस्तकातली मराठी ही आणखी एक नवी भाषा. तीही ती मुलं शिकतात, आणि त्याबद्दल त्यांना कोणी शाबासकी देत नाही.

तिसरीत आणखी एक नवी गोष्ट होते. मुलाला पहिल्यांदा नकाशा भेटतो. आणि तो भारताचा किंवा जगाचा नसतो, आपल्या जिल्ह्याचा असतो. तुमच्या वेळी भूगोलात ‘आपला जिल्हा’ होता. आज बालभारतीचं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं असतं. म्हणजे परभणीच्या मुलाच्या हातातलं पुस्तक पुण्याच्या मुलापेक्षा निराळं. ही फार शहाणपणाची गोष्ट आहे.

आम्ही मुलांना मैदानात नेत असू. उगवतीकडे तोंड करा, हात पसरा. पुढे पूर्व, डावा हात उत्तर, उजवा हात दक्षिण. मग विचारायचं, परभणीची एस.टी. कुठल्या हाताला जाते? उजव्या. औंढ्याची? समोर. मंठ्याची? पाठीकडे. एवढं झालं की कागदावरचा नकाशा मुलांना परका वाटत नाही.

आता तुम्हीच बघा. या मांडवात तीन वेगवेगळ्या परभणी जिल्ह्यांचे नकाशे काढलेली माणसं बसली आहेत. जे १९८१ च्या आधी तिसरीत होते, त्यांच्या नकाशात परतूर होतं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि परतूर तिकडे गेलं. त्यानंतरच्यांच्या नकाशात हिंगोली, वसमत, कळमनुरी होते. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि तेही गेले. त्या सुमाराला घराघरांत भांडणं व्हायची. थोरली बहीण सांगायची, ‘औंढा नागनाथ आपल्या जिल्ह्यात.’ धाकटा म्हणायचा, ‘बाई म्हणतात हिंगोलीत.’ दोघांचंही बरोबर! संत नामदेवांची नर्सी आपल्या जिल्ह्यातली म्हणून पाठ केलेली मुलं होती, त्यांच्या धाकट्या भावंडांना फक्त जनाबाईंचं गंगाखेड उरलं.

मला हा घोटाळा आवडायचा, कारण त्यातून खरा भूगोल शिकवता यायचा. जिल्ह्याची रेघ माणसं काढतात, नदीला ती ठाऊक नसते. आपल्या तालुक्यातलं पूर्णेवरचं येलदरी धरण घ्या. त्यातून सोडलेलं पाणी पुढे सिद्धेश्वर धरणात जातं, ते आता हिंगोली जिल्ह्यात. तिथून कालव्यांनी परत परभणी जिल्ह्यातल्या शेतांत येतं. हे फळ्यावर काढून दाखवलं की वर्ग गप्प होऊन बघत राहायचा. मग कोणीतरी सांगायचं, ‘बाई, माझा मामा कालव्यावर मोटर लावतो.’ झालं, मामा धड्यात आला. नेमगिरीच्या लेण्या पाहिलेलं, चारठाण्याचा दगडी स्तंभ पाहिलेलं एखादं मूल उभं राहून सांगायला लागलं की त्या दिवशी तेच शिक्षक.

आता थोडं अवघड बोलते.

आपल्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळेचं दुसरं सत्र नेमकं तेवढंच. जून ते दिवाळी वर्गात बसलेलं मूल त्यानंतर कोपीत धाकट्या भावाला सांभाळत असतं. पहिलीतलं गेलेलं सत्र भरून काढता येतं, कारण दुसरीत पुन्हा उजळणी असते. तिसरीतलं सत्र गेलं तर चौथीच्या बाई नव्यानं वाचायला शिकवत नाहीत. चौथीचा अभ्यासक्रम त्यांना तेवढी सवड देत नाही. सरकारनं मराठवाड्यात हंगामी वसतिगृहं काढली, स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक द्यायला सुरुवात केली. ज्यांना त्यांचा लाभ झाला, त्यांचं भलं झालं. पण पत्रक मुलासोबत बसून वाचत नाही. त्याला माणूसच लागतं.

कोरोनाच्या काळात ऊसतोडीला न जाणाऱ्या मुलांवरही तीच वेळ आली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. गावातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा उघडायला सरकारनं परवानगी दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे जून २०२० मध्ये जी मुलं तिसरीत गेली, त्यांची अख्खी तिसरी कुलूपबंद शाळेतच झाली. प्रगतिपुस्तकावर ती पास आहेत. आज ती हायस्कूलात बसलेली असतील. त्यातलं एखादं तुमच्या घरात असेल तर त्याला वर्तमानपत्रातली एक बातमी वाचायला लावा आणि काय वाचलंस ते विचारा. रागावू नका, फक्त विचारा.

केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ ला ‘निपुण भारत’ नावाची मोहीम सुरू केली. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, हे २०२६-२७ पर्यंतचं उद्दिष्ट. तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचावेत, असं त्यात म्हटलं आहे. कोणी म्हणेल, वेग कशाला हवा, शर्यत आहे का? शर्यत नाही. पण एकेक अक्षर जोडत वाचणारं मूल वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेलं असतं. म्हणून तेवढा वेग लागतो. आणि तो एकाच मार्गानं येतो. रोज मोठ्यानं वाचायचं आणि कोणीतरी ते ऐकायचं. तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात एकट्या बाईंनी प्रत्येकाचं रोज पाच मिनिटं ऐकायचं म्हटलं तर अडीच-तीन तास त्यातच जातात. कुठून आणायचे ते?

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही शाळेसाठी निधी जमवला आहे, आणि प्रवेशद्वार बांधायचं की रंगमंच, अशी चर्चा चालू असल्याचं कानावर आलं. जे बांधाल ते छानच होईल. पण त्यातला थोडा भाग तिसरीच्या वर्गासाठी ठेवा. पातळ, मोठ्या अक्षरांची गोष्टींची पुस्तकं घ्या. ती कुलपात ठेवू नका, मुलांना घरी नेऊ द्या. चार फाटली तर फाटू द्या. न फाटलेलं पुस्तक मला नेहमी संशयास्पद वाटत आलं आहे.

दुसरं मागणं पैशाचं नाही. जिंतुरात राहणाऱ्यांनी आठवड्यातून एक तास शाळेत यावं. शिकवायला नको, ते काम बाई करतील. तुम्ही फक्त एका मुलाशेजारी बसा आणि त्याचं वाचन ऐका. अडलं तर थांबा, लगेच शब्द सांगू नका. एका तासात सहा मुलांना दहा-दहा मिनिटं मिळतात. तुमच्यात एस.टी. आगारात नोकरी केलेले आहेत, येलदरीला काम केलेले आहेत, कापसाचे व्यापारी आहेत, शेतकरी तर कितीतरी आहेत. तिसरीच्या पुस्तकात जो जिल्हा आहे तो तुम्हीच आहात. मुलांना येऊन सांगा.

आणि पुण्या-मुंबईला असणाऱ्यांनी एवढंच करावं. दिवाळीनंतर गावाबाहेर जाणाऱ्या मुलांची यादी बाईंकडे असते. एकेकानं एकेक मूल वाटून घ्यावं. आई-बापाकडे फोन असतो. दिवसाचं काम आटोपल्यावर पाच मिनिटं त्या मुलाला फोनवर धडा वाचायला सांगा. सहा महिन्यांनी ते परत येईल तेव्हा निदान वाचणं विसरलेलं नसेल.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना असं ऐकणारं कोणीतरी मिळालं होतं. कुणाची आजी, कुणाचा थोरला भाऊ, कुणाच्या शेजारच्या काकू. ज्यांना नाही मिळालं, त्यातले फार थोडे आज या मेळाव्याला आले आहेत. बाजूला बघा, तुमच्या तिसरीच्या वर्गातलं कोण इथे नाही ते आठवा. नावं आठवतील तुम्हाला.

शाळा शनिवारी सकाळी भरते. येणाऱ्यांनी जेवायला जाण्याआधी बाईंकडे आपलं नाव लिहून द्यावं. वही त्यांच्या टेबलावर ठेवली आहे.