वर्गखोल्या बांधताना
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



शाळेला दोन वर्गखोल्या बांधून द्यायचे आज आपण ठरवतो आहोत. वर्गणीची यादी झाली, नकाशाही झाला. भाव ठरवण्याआधी एक अनुभव सांगते.

चार वर्षांपूर्वी भंडाऱ्यातल्या आमच्या घरावर मजला चढवला. तीन ठेकेदारांना चौरस फुटाचा भाव विचारला आणि सगळ्यात कमी सांगणाऱ्याला काम दिले. पुण्याहून फोनवर सिमेंट कोणते, सळई किती जाडीची, सगळे विचारले. परांची कशी बांधणार, हे मात्र विचारले नाही. प्लास्टर चालू असताना बांबूची दोरी सुटली आणि मिस्त्री खाली पडले. कमरेचे हाड मोडले. उपचाराचा खर्च आम्ही केला, पण ते पुन्हा परांचीवर चढू शकले नाहीत. ठेकेदार म्हणाला, "ताई, लोखंडी परांचीचे भाडे धरले असते तर हे काम मला मिळालेच नसते." राग आला, पण तो खरे बोलत होता.

कायदा नाही असे नाही. 1996 च्या कायद्याने बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर आला. त्यातून नोंदणी झालेल्या कामगारांना मदत मिळते, ती हवीच. पण जाळी लावणाऱ्याला आणि न लावणाऱ्याला उपकर सारखाच. अपघात टाळला म्हणून ठेकेदाराच्या पदरात काही पडत नाही. त्यात धानाची कापणी आटोपली की गावातून माणसे कामावर येतात आणि पेरणीला परत जातात. त्यांना शिकवण्यावरचा खर्च त्याला वाया गेल्यासारखा वाटतो.

मग तो खर्च कधी करतो? पैसे देणारा मागतो तेव्हा. दिल्ली मेट्रोच्या कामात सुरक्षेच्या अटी करारातच असतात, मोडल्या तर दंड होतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही वेगळे नाही. ग्राहकाने चाचणीचे पैसे वेगळे धरले नाहीत, तर घाईत पहिली कात्री चाचणीलाच लागते.

म्हणून माझी विनंती अशी. लोखंडी परांची, कठडा, जाळी, हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा यांची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी लिहावी. ती सर्व ठेकेदारांना सारखी असावी, तिच्यात घासाघीस नको. वस्तू जागेवर लागलेल्या पाहूनच ती द्यावी. मिस्त्री, रेजा, कुली जे कोणी येतील, त्यांना 90 दिवसांच्या नोंदणीसाठी लागणारा आपल्याकडच्या कामाचा दाखला ठेकेदाराने द्यावा. पाहणीसाठी गावात राहणाऱ्या आपल्यापैकी दोघांची नावे आजच लिहू.

यामुळे खर्च थोडा वाढेल. माझ्या वर्गणीत मी त्यासाठी भर घालते आहे. या खोल्यांत मुले बसतील तेव्हा त्या बांधताना कोणी जायबंदी झाले, असे आपल्याला सांगावे लागू नये.