भांडण कुत्र्यांचं, हात आपला
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पाणी, पार्किंग, गळती यांवर आपण 25 वर्षं बोलतोय. आज कुत्र्यांवर बोलतो. आपल्या वसई-विरारमध्ये गेटाबाहेर भटकी कुत्री आहेत आणि आता घरोघरी पाळलेलीही. समोरासमोर आली की जुंपते. मालक पट्टा धरायला जातो आणि चावा त्यालाच बसतो. भांडणाच्या भरात कुत्र्याला मालकसुद्धा कळत नाही. म्हणून पहिला नियम : मधे हात घालायचा नाही, पायही नाही.

मग करायचं काय? आधी मुलांना दूर न्या. काठीने मारू नका, कुत्रं आणखी चवताळतं. बादलीभर पाणी मारा. स्टीलचं ताट जोरात वाजवा. लांबूनच जाड चादर किंवा गोणपाट अंगावर टाका, नाहीतर फळी मधे सरकवा. सुटली की दोघांना लगेच वेगवेगळं बंद करा. दाताची जखम केसांखाली दिसत नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवा.

माणसाला चावलं, नुसता ओरखडा जरी आला, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि लशीचे सगळे डोस पुरे करा. रेबीज एकदा झाला की त्यातून जवळजवळ कोणीच वाचत नाही.

भांडणं मुळात होतात खाण्यावरून, हद्दीवरून आणि भाद्रपदात मादीवरून. नसबंदी झाली की ती बरीच कमी होतात. भटक्या कुत्र्यांना खायला कुठे द्यायचं, ती जागा रहिवाशांच्या संस्थेने ठरवावी, असं केंद्र सरकारचे 2023 चे नियम सांगतात. ती जागा जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर हवी. खाऊ घालणारे आणि 'घालू नका' म्हणणारे, दोघांनीही हे एकत्र बसून ठरवावं.

बँकेच्या शाखेत वाळूच्या लाल बादल्या भिंतीला कायम टांगलेल्या असत. आग लागल्यावर बादली शोधायची नसते. तसंच वॉचमनच्या केबिनपाशी भरलेली बादली, जुनं ताट आणि एक गोणपाट कायम ठेवा. खर्च जवळजवळ शून्य.

माणसांच्या भांडणात मात्र पाणी मारू नका. त्यासाठी आपली वार्षिक सभा आहेच!