चावीवाला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज रविवार. मुंबई, ठाणे, कल्याणकडच्या श्रोत्यांना रविवार म्हटला की आधी मेगाब्लॉक आठवतो. ‘आज कुठल्या लाइनवर आहे?’ असे विचारत, थोडे वैतागतच आपण घराबाहेर पडतो. त्या चार-पाच तासांत रुळांवर काय चालते, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मी रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यात, रुळांच्या देखभालीवर, ३४ वर्षे काढली. काही घाटात, काही देशावर आणि शेवटची उपनगरी मार्गावर. तेव्हा आज त्या माणसांविषयी बोलतो, जी आपल्याला गाडीच्या खिडकीतून ओझरती दिसतात. नारिंगी जाकीट, हातात पहार किंवा फावडे, गाडी जाईपर्यंत बाजूला सरकून उभी राहिलेली.

त्यांची नावे बदलत गेली. आधी गँगमन, मग ट्रॅकमन, आता कागदोपत्री ट्रॅक मेंटेनर. बोलण्यात अजूनही गँगमनच. टोळीच्या प्रमुखाला मुकादम म्हणतात, आणि त्याच टोळीतला एक माणूस रोज एकटा निघतो, तो कीमन. आमच्याकडे त्याला चावीवाला म्हणत. नव्या माणसाला वाटायचे, हा कुलपे उघडत असेल. पूर्वी रूळ स्लीपरला पकडून ठेवायला लोखंडी पाचरी ठोकत. त्या पाचरीला ‘चावी’ म्हणायचे. गाड्यांच्या हादऱ्याने चाव्या सैल व्हायच्या, बाहेर सरकायच्या. त्या रोज हातोड्याने ठोकून बसवायच्या, हे त्याचे काम. आता काँक्रीटचे स्लीपर आले, चावीच्या जागी पिळलेल्या सळईसारखी दिसणारी स्प्रिंगची क्लिप आली. चावी गेली, चावीवाला राहिला आणि त्याचे चालणेही राहिले.

त्याची हद्द साधारण ५-६ किलोमीटरची. जाताना एका रुळावर नजर, परतताना दुसऱ्या. खांद्यावर हातोडा, पाना, झेंड्या, पिशवीत फटाके. मुख्य मार्गावर एका किलोमीटरला १,६६० स्लीपर असतात. प्रत्येकावर चार क्लिपा. म्हणजे पाच किलोमीटरमध्ये ३३ हजारांहून अधिक क्लिपा या माणसाच्या नजरेखालून रोज जातात. एवढ्या तो मोजतो का? मुळीच नाही. आपल्या घरातली एखादी वस्तू जागेवरून हलली तर आपल्याला जसे चटकन खटकते, तसे त्याला खटकते. रुळाच्या माथ्यावरचा चकाकता पट्टा कुठे एका बाजूला सरकलाय, वेल्डिंगच्या सांध्याजवळ गंजाची बारीक रेघ दिसतेय, एखाद्या स्लीपरखालून पांढरट चिखल वर आलाय. चिखल दिसला की समजायचे, खाली खडी घट्ट राहिलेली नाही, गाडी गेली की स्लीपर खाली-वर होतोय. हे सगळे पुस्तकात आहे, पण पुस्तक वाचून डोळा येत नाही. मी पदविका घेऊन खात्यात आलो तेव्हा मला डोळा दिला तो सातवी शिकलेल्या मुकादमाने. तो रुळाला गाल टेकवून उताणा-पालथा होत लांबवर बघायचा आणि तिथूनच ओरडायचा, ‘तिसऱ्या स्लीपरला सूतभर उचला!’ आम्ही नंतर मापपट्टी लावायचो. सूतभरच निघायचे.

लोखंड तापले की वाढते आणि थंड झाले की आकसते, हे आपण शाळेत शिकतो. पूर्वी १३ मीटरचे रूळ जोडपट्ट्यांनी जोडलेले असत आणि सांध्यात फट ठेवलेली असे. गाडीची ती खडक-खडक, खडक-खडक त्या फटींमुळेच. आता रूळ वेल्ड करून कित्येक किलोमीटर सलग करतात. प्रवास गुळगुळीत झाला, सांधे तपासायचे काम कमी झाले. पण लोखंडाचा स्वभाव थोडाच बदलतो? त्याला वाढायला जागा नाही, आकसायलाही नाही, म्हणून सगळा ताण तो पोटात ठेवतो. ज्या तापमानाला रूळ बसवला त्याहून ३० अंशांचा फरक पडला, तर ६० किलोच्या एका रुळात ५० टनांहून जास्त जोर साठतो. (६० किलोचा म्हणजे मीटरला ६० किलो वजन असलेला.) हा जोर दाबून धरतात त्या क्लिपा, ते जड स्लीपर आणि आजूबाजूची खडी. ती खडी रुळांच्या बाजूला उगीच ढीग करून टाकल्यासारखी वाटते ना? पण खांद्याची खडी कमी झाली आणि वैशाखातली दुपार असली, तर रूळ सापासारखा वाकडा होऊ शकतो. म्हणून उन्हाळ्यात रुळाचे तापमान ठरावीक अंशांच्या वर गेले की भर दुपारी गस्त निघते. माणसे झाडाखाली थांबलेली असतात त्या वेळी ही माणसे खडीवरून चालत असतात.

थंडीत याच्या उलट. रूळ आकसतो, ताणला जातो आणि वेल्डिंगमध्ये कच्ची जागा असेल तर तडकतो. हे बहुधा पहाटे घडते.

देशावर माझ्या सेक्शनमध्ये जानेवारीत एकदा असेच झाले. चावीवाला पन्नाशीचा, बोलायला कमी. सूर्य उगवायच्या सुमारास त्याला वेल्डपाशी रूळ तुटलेला दिसला. दोन बोटे फट. आता नियम काय सांगतो, ते ऐका. जागेवर लाल झेंडी रोवायची आणि गाडी येणाऱ्या दिशेने लाल झेंडी दाखवत पळायचे. ६०० मीटरवर रुळावर एक फटाका लावायचा. तसेच पुढे १,२०० मीटरपर्यंत जायचे आणि तिथे १०-१० मीटरवर तीन फटाके. इंजिनाचे चाक फटाक्यावरून गेले की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. इतके लांब का, तर वेगातली गाडी लगेच थांबत नाही. ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी १,२०० मीटर ४० सेकंदांच्या आत पार करते. माणसाला तेवढेच अंतर खडी आणि स्लीपरवरून धावायला किती वेळ लागेल, याचा अंदाज आपणच करा.

तो धावला. एक्स्प्रेस थांबली. ड्रायव्हर आधी चिडून खाली उतरला, फट पाहिली आणि गप्प झाला. आम्ही ट्रॉलीने पोहोचलो तेव्हा दोघे रुळाशेजारी बसून डब्यातला चहा पीत होते. तुटक्या जागी फुगीर जोडपट्टी आणि शिकंजे लावून आम्ही गाडी अगदी सावकाश काढली. खिडकीतून कुणीतरी विचारले, ‘ओ, अजून किती वेळ?’ त्याचा काही दोष नाही, त्याला काय माहीत?

पुढे चावीवाल्याला प्रशस्तिपत्र आणि थोडी रोख मिळाली. समारंभात वरिष्ठांनी विचारले, ‘काही मागणी आहे का?’ तो म्हणाला, ‘साहेब, सात नंबरचे बूट द्या. मला दिलेत ते नऊचे आहेत.’ त्या दिवशी तो चपला घालून धावला होता. सगळे हसले. त्याला सातचे बूट मिळायला चार महिने लागले.

पावसाळा हा आमचा खरा हंगाम. भोर घाटात रूळ ३७ फुटांना एक फूट या चढाने वर जातात, वर कातळ आणि खाली दरी. पावसाआधी डोंगरावर माणसे चढतात, पहारीने सैल झालेले दगड खाली पाडतात आणि मग ते गाडीत भरून नेतात. जो दगड आपण मे महिन्यात पाडला नाही, तो जुलैत स्वतःच्या सोयीने येतो. कोकण रेल्वेने तर याची फार मोठी किंमत मोजली आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ सुट्टीची विशेष गाडी रुळावर आलेल्या दरडीवर आदळली आणि ५० हून अधिक माणसे गेली. वर्ष पुरे होण्याआधीच, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांमुळेच घसरून पुलावरून कोसळली. त्यानंतर कोकणातल्या कड्यांना जाळ्या लागल्या, उतार कमी केले गेले, पावसाळ्यात वेग उतरवून वेगळे वेळापत्रक चालवले जाते, आणि शेकडो माणसे रात्रंदिवस गस्त घालतात.

या गस्तीतली एक पद्धत मला फार आवडते. दोन गस्तवाले दोन टोकांकडून निघतात, ठरलेल्या जागी भेटतात आणि एकमेकांच्या वह्या बदलून परत फिरतात. त्याची वही याच्या स्टेशनात, याची त्याच्या. म्हणजे कुणी अर्ध्यातून परतला तर लगेच कळते. आणि ठरलेल्या वेळेनंतर पाव तासात गस्तवाला स्टेशनात पोहोचला नाही, तर स्टेशन मास्तर पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरला सावधपणे जाण्याचा लेखी हुकूम देतो. माणूस न येणे हीच खबर. त्यासाठी तार नको, फोन नको. अलीकडे गस्तवाल्यांकडे जीपीएसची यंत्रेही दिली जातात, चांगलेच आहे. पण वहीची अदलाबदल बंद करू नये, असे माझे मत आहे. यंत्राची बॅटरी संपली की ते गप्प बसते आणि ते का गप्प आहे, हे कुणाला कळत नाही.

रत्नागिरीजवळच्या करबुडे बोगद्यात मी एकदा गस्तवाल्याबरोबर चाललो होतो. साडेसहा किलोमीटर. आत बॅटरीच्या उजेडापलीकडे काही नाही, वरून पाणी ठिबकतेय, आणि तो भिंतीकडे न बघता सांगतोय, ‘पुढचा कोनाडा वीस पावलांवर.’ गाडी आली की त्या कोनाड्यात शिरायचे आणि पाठ भिंतीला लावून उभे राहायचे. त्याने मला एकच सूचना केली होती: ‘साहेब, बोलू नका. ऐकू येत नाही.’

हे ऐकू येणे दिवसेंदिवस अवघड झाले आहे. सांध्यांची खडखड संपली, डिझेलची धडधड कमी झाली. कोकण रेल्वेसुद्धा २०२२ पर्यंत पूर्णपणे विजेवर आली. विजेची गाडी सलग वेल्ड केलेल्या रुळावरून येते तेव्हा दूरवरून फारसे ऐकू येत नाही आणि जेव्हा येते तेव्हा ती आलेली असते. त्यात दोनाच्या तीन, तीनाच्या चार लाइनी झाल्या. एका लाइनीवरची गाडी चुकवायला माणूस दुसऱ्या लाइनीवर सरकतो आणि तिथे दुसरी येते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ साली रेल्वेच्या सुरक्षेवर अहवाल दिला. त्यात २००७-०८ पासूनच्या चारएक वर्षांत कामावर असताना मेलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचा आकडा सुमारे १,६०० होता. मोठा अपघात झाला की वर्तमानपत्राचे पहिले पान भरते. हे १,६०० एकेक करून गेले.

त्यातला एक माझ्या माहितीतला. सेक्शनचे नाव घेत नाही. मुलगा बी.ए. झालेला, नोकरीला दोन वर्षे पुरी व्हायची होती. नियमाप्रमाणे टोळी काम करत असताना एक माणूस काहीच न करता नुसता उभा राहायला हवा. हातात शिट्टी आणि झेंडी, डोळे गाडीकडे. त्याला लुकआउट म्हणतात. त्या दिवशी माणसे कमी होती, म्हणून लुकआउटच्याही हातात पहार दिली गेली. चौकशीत शेवटी मृताच्या निष्काळजीपणाचा उल्लेख आला. मी तो कागद वाचला आहे. सहा माणसांचे काम चौघांवर टाकायचे आणि मग चौघांपैकी जो मरेल तो निष्काळजी, हा हिशेब मला कधी पटला नाही. नुसता उभा असलेला माणूस वरच्या कचेरीतून रिकामा दिसतो, खरी अडचण ही आहे.

तरीही या नोकरीला माणसे येतात. २०१८ साली रेल्वेने खालच्या श्रेणीच्या सुमारे ६३ हजार जागा काढल्या, त्यांत गँगमनच्या जागा होत्याच. अर्ज एक कोटीच्या कितीतरी वर आले. शारीरिक चाचणीत पुरुषांनी ३५ किलोचे ओझे घेऊन १०० मीटर दोन मिनिटांत जायचे, स्त्रियांनी २० किलोचे. पदवीधर मुली ती चाचणी देऊन टोळीत दाखल झाल्या आहेत. काम करतात, तक्रार करत नाहीत. पण दोन स्टेशनांच्या मध्ये आठ तास काढायचे तर त्यांनी जायचे कुठे, याची सोय बऱ्याच ठिकाणी अजून लागायची आहे. त्यांना विचारले तर सांगतात, ‘पाणी कमी पितो.’ मे महिन्यात, खडीवर.

यंत्रे आली आहेत, हेही सांगायला हवे. पूर्वी बीटरने खडी ठोकताना मुकादमाच्या आरोळीवर आठ-आठ जण एका तालात वाकायचे. आज तेच काम टॅम्पिंग मशीन करते आणि मेगाब्लॉकमध्ये आपल्याला दिसते ते पिवळे धूड बहुधा तेच असते. रुळाच्या पोटातला तडा ध्वनिलहरींनी शोधतात. गाडी येत असल्याचा इशारा देणारी ‘रक्षक’ नावाची बिनतारी यंत्रे काही मार्गांवर कामगारांना दिली जाऊ लागली आहेत. ती प्रत्येक टोळीपर्यंत लवकर पोहोचावीत.

तोवर शिट्टी आहे. मला शिकवणाऱ्या त्या मुकादमाचा एक रिवाज होता. टोळीत नवा पोरगा आला की पहिला आठवडा त्याच्या हातात हत्यार द्यायचे नाही. फक्त शिट्टी द्यायची आणि वळणाकडे तोंड करून उभे करायचे. पोरगा दुसऱ्या दिवशी कंटाळायचा, तिसऱ्या दिवशी रडकुंडीला यायचा, ‘मला काम द्या’ म्हणायचा. मुकादम खाली वाकलेला असायचा, मान वर न करता विचारायचा, ‘गाडी कुठवर आली?’