डिपॉझिट कुणाचं?

(माकुणसार येथील व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

मंडळी, आज समोर दोन्ही पक्ष बसले आहेत. कुणाच्या बोईसरला भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत, कुणाचा मुलगा विरारला भाड्याने राहतो. म्हणजे मी जे बोलणार ते अर्ध्या सभेला आवडणार नाही.

डिपॉझिट हे भाडेकरूचे पैसे, मालकाकडे ठेवलेले. त्यातून कापायचं असेल तर नुकसान दाखवायचं काम मालकाचं. आपल्याकडे उलटं चालतं. खोली सोडायच्या दिवशी मालक भिंतीवर नजर फिरवतो, ‘रंगाचे आठ हजार, साफसफाईचे दोन’ म्हणतो, आणि विनवण्या भाडेकरूने करायच्या.

रंगाचंच घेऊ. आपली हवा खारी. केळव्यापासून दातिवऱ्यापर्यंत कुठल्याही घराची पावसाच्या तोंडावरची भिंत दोन पावसाळ्यांनंतर बघा. ओल, लोणा, पोपडे. ग्रिल गंजलेलं, तोटी गंजलेली. यातलं भाडेकरूने काय केलं? 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 सांगतं की, करारात वेगळं ठरलं नसेल तर भाडेकरूने जागा घेतली तशी परत करावी, पण वापराने होणारी वाजवी झीज सोडून. लिव्ह अँड लायसन्सच्या बहुतेक छापील मसुद्यांतही ही सवलत असते. बेसिन फोडलं, दार उखडलं, तर भरून द्या. त्यात रडायचं कारण नाही. पण समुद्राचं बिल भाडेकरूच्या नावावर फाडू नका. ‘रंगकामाचं एक महिन्याचं भाडं कापू’ अशा अटीखाली सही केली असेल, तर मात्र तुमची बाजू लंगडी पडते. सही करताना वाचायचं असतं.

‘सहा महिन्यांच्या आत सोडलं तर सगळं डिपॉझिट जप्त’ अशीही अट असते. तारापूरच्या कंत्राटी कामगाराचं काम चौथ्या महिन्यात संपलं, तर? 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 नुसार करार मोडल्याची भरपाई वाजवी तेवढीच मिळते. लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. खोली आठवड्यात पुन्हा भाड्याने गेली असेल, तर मालकाचं नुकसान किती, हे विचारता येतं.

आता कागदाचं. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 ने मालकावर टाकली आहे. नोंदलेला करारच नसेल, तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरू म्हणतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. बोईसरच्या किती खोल्यांत ही गोष्ट माहीत आहे? गंमत म्हणजे नोंदणीची स्टॅम्प ड्युटी काढताना सरकार तुमच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतं. 30,000 रुपये ठेवलेत, तर मालकाला 3,000 चा फायदा मानून आकारणी होते. ते व्याज भाडेकरूला कधी दिसत नाही! ड्युटी वाचवायला करारात डिपॉझिट कमी दाखवून बाकीचं रोख घेतात. ते रोख पुढे नाकारलं की हातात काही उरत नाही. म्हणून पैसे बँकेतून द्या. शिरताना आणि सोडताना भिंतींचे, नळांचे, मीटरचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

पैसे अडले म्हणून खोली अडवून बसू नका. लायसन्सची मुदत संपल्यावर राहिलात, तर याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. डिपॉझिट अडवणाऱ्या मालकाला तेवढी धारदार तरतूद या कायद्यात नाही, हा माझ्या मते त्याचा मोठा दोष. तरी किल्ली द्या, दिल्याचं लिहून घ्या, मग प्रत्येक कपातीचं बिल लेखी मागा.

पोलीस ‘दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवतील. न्यायालयाच्या खर्चाला घाबरून बहुतेक लोक तिथेच थांबतात. थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. म्हणजे एमआयडीसीतला बराचसा भाडेकरू वर्ग यात येतो. दावा दाखल करण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, तिथे कोर्ट फी नाही, आणि झालेल्या तडजोडीवर अपील नाही. पालघरच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करा. आणि घरमालकहो, कापायचंच असेल तर रंगाऱ्याची पावती सोबत द्या. पावती नसेल, तर पूर्ण रक्कम परत करा.