शेंपटीचें मोल

लुइझियाना हा अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्रांत. मिसिसिपी नदीनें हजारों वर्षें वाहून आणिलेल्या गाळांतून तेथें अफाट गवताळ दलदल निर्माण झाली. ही भूमि आतां समुद्रांत जात आहे; १९३२ पासून २०१६ पर्यंत सुमारें ४,८०० चौरस किलोमीटर प्रदेश नाहींसा झाला. याचा मोठा दोष मनुष्याकडेच जातो. नदीला बांध घालून त्यानें नवा गाळ अडविला आणि तेलासाठीं कालवे खोदून खारें पाणी आंत घेतलें. परंतु समुद्राला साह्य करणारा एक प्राणीही तेथें आहे, आणि त्यालाही मनुष्यानेंच आणिलें.

हा प्राणी म्हणजे न्यूट्रिया. श्रोत्यांनीं मुंबईच्या गटारांतील घूस डोळ्यांपुढें आणावी, तिचें वजन पांचसहा किलो कल्पावें, मागल्या पायांच्या बोटांत बदकासारखा पडदा व तोंडांत नारिंगी दांत बसवावे, कीं चित्र पुरें झालें. मादीचे स्तन कुशीवर बरेच उंच असतात, त्यामुळें ती पोहत असतांही पिलांना दूध पितां येतें. मूळच्या दक्षिण अमेरिकेंतील या प्राण्याला १९३० नंतरच्या दशकांत मऊ कातड्यासाठीं लुइझियानांत आणून पाळण्यांत आलें. कांहीं प्राणी निसटले, कांहीं मुद्दाम सोडिले.

प्रारंभीं कोणाची तक्रार नव्हती. फरच्या कोटांना गिऱ्हाईक होतें. १९७६-७७ च्या एका हंगामांत सुमारें १८ लाख न्यूट्रिया मारले गेले. १९८० नंतरच्या दशकांत भाव कोसळला, शिकार मंदावली आणि प्राणी वाढले. न्यूट्रिया नुसतीं पानें कुरतडीत नाहीं, मुळें उकरून खातो. आणि चिखल जागच्या जागीं धरून ठेवितें तें या मुळांचें जाळेंच. तें तुटलें कीं गवताच्या जागीं उघडें पाणी दिसूं लागतें. मांस चवदार आहे असें सांगून नामांकित आचाऱ्यांकडून त्याच्या पाककृतीही करविण्यांत आल्या, पण लोकांनीं ताट पुढें केलें नाहीं.

शेवटीं २००२ मध्यें, बाजार कातड्याला देईना तें मोल सरकारनें शेंपटीला दिलें. प्रथम एका शेंपटीस ४ डॉलर, २००६ मध्यें ५, २०१९ मध्यें ६. वर्षाला ४ लाखांपर्यंत प्राणी मारावे असें लक्ष्य ठरलें. मात्र कोणीही उठून बंदूक घेऊन दलदलींत शिरावें, असा हा प्रकार नव्हे. शिकाऱ्यानें नांव नोंदवावें लागतें, जमीनमालकाची परवानगी दाखवावी लागते, आणि हंगाम २० नोव्हेंबर ते ३१ मार्च एवढाच. शेंपटी ७ इंचांहून लांब पाहिजे. ती केंद्रावर देतांना प्राणी कोठें मारिला तें नकाशावर दाखवावें लागतें. या नकाशावर योजनेचा सारा भर आहे. हेलिकॉप्टरांतून पाहणी करणाऱ्यांना नासधूस कोठें आणि शिकार कोठें, हें त्यावरून ताडून पाहतां येतें. २००२-०३ मध्यें सुमारें ८२ हजार एकरांची नासधूस अंदाजिली होती; पुढील दशकांत ती बरीच उतरली.

इंग्लंडनें निराळी वाट धरिली. ईस्ट अँग्लियांत पसरलेल्या याच प्राण्यासाठीं १९८१ मध्यें २४ सांपळेवाले नेमले. पण शेवटचा प्राणी सांपडला कीं नोकरीही संपणार; मग तो मनापासून शोधील कोण? म्हणून काम लौकर संपविल्यास मोठें बक्षीस लाविलें, आणि १९८९ पर्यंत प्राणी नाहींसा झाला. लुइझियानांत मोबदला दर शेंपटीमागें आहे. एखाद्या भागांत प्राणी विरळ झाले आणि पेट्रोलचा खर्च निघेनासा झाला, कीं शिकारी होडी दुसरीकडे वळवितो. मागें राहिलेल्या मादीला साडेचार महिन्यांत चारपांच पिलें होतात, आणि पुढच्या हिवाळ्यांत त्याच शिकाऱ्याला तेथें परत यावें लागतें.