दुधाचे दात आणि पाण्यातील फ्लोराइड



"दुधाचेच दात, आज ना उद्या पडणारच," असे म्हणून आपण लहान मुलांच्या किडलेल्या दातांकडे दुर्लक्ष करतो. परंतु दाढ ठणकणारे मूल ना नीट जेवते, ना वर्गात त्याचे चित्त लागते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे जी नवी दाढ येते, ती कायमची असते. एकही दात न पडता ती उगवते, म्हणून पालक तीही दुधाचीच समजतात आणि ती किडून जाते.

कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते दातांच्या कवचातील खनिजे विरघळवते. फ्लोराइड ही झीज भरून येण्यास मदत करते. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात १९४५ साली, जगात प्रथमच, नळाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम फ्लोराइड मिसळण्यास सुरुवात झाली. त्यानंतर जन्मलेल्या तेथील मुलांमध्ये कीड ६० टक्क्यांहून अधिक घटली.

मग आपणही विहिरीत फ्लोराइड टाकावे काय? मुळीच नाही! चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात ते मुळातच जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास दातांवर डाग पडतात. प्रमाण फारच वाढले तर हाडे व सांधे ताठरतात. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. म्हणून आधी तपासणी, मग उपाय.

दात घासण्याची फ्लोराइडयुक्त पेस्ट मात्र घरोघरी वापरता येते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. पेस्ट गिळू न देता थुंकायला शिकवावे. रात्री दात घासल्यावर काही खायला देऊ नये आणि गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये.

मिसवाकच्या सुन्नतीचे महत्त्व जाणणाऱ्या समाजाला तोंडाच्या स्वच्छतेची महती वेगळी सांगायला नको. ती सवय घरातल्या सर्वांत धाकट्यापर्यंत पोहोचली पाहिजे, एवढेच.

संस्थेला माझी नम्र विनंती आहे की, शाळेतील पिण्याच्या पाण्याचे फ्लोराइड तपासून आकडा फलकावर लिहावा आणि बालवर्गात रोज शिक्षकांसमोर दात घासण्याचा उपक्रम सुरू करावा. खर्च थोडा आहे. लाभ मुलांच्या जन्मभराचा आहे.